दीड लाखात टिकाऊ रिव्हॉल्व्हर कोणतं?

पत्र: मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजारगावात कृषी केंद्र चालवतो. हंगामात रात्री दुकान बंद केलं की गल्ला पिशवीत टाकून मोटारसायकलनं गावी जातो. बारा-पंधरा किलोमीटरची वाट, अर्धी जंगलातून. याच रस्त्यावर मागं एका व्यापाऱ्याला अडवून लुटलं, तेव्हा मी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला. आता तो मंजूर झाला आहे. माझी ऐपत दीड लाखाची. विक्रेता पिस्तूल दाखवतो, मामा म्हणतात जुनं इंग्लिश रिव्हॉल्व्हर घे, आणि ओळखीचा एक इसम म्हणतो, लाख कशाला घालवता, पंचवीस हजारात काम होते. स्वस्त, पण जन्मभर टिकेल असं काय घ्यावं? वावरात डुकरं फार झाली आहेत, वाघाचंही भेव आहे, तिथंही ते कामी यावं. घरी बायको, दोन लेकरं आणि बाबा आहेत. बाबा गेल्या सालच्या नापिकीपासून कोणाशी बोलत नाहीत, दिवसभर ओसरीवर बसून राहतात, म्हणून जागलीलाही आता मलाच जावं लागते.

उत्तर:

भाऊ, माझी उभी नोकरी पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात हत्यारं खोलण्यात, पुसण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे कोणतं टिकतं आणि कोणतं दोन पावसाळ्यांत रुसतं, हे मी तुम्हाला नीट सांगू शकतो आणि सांगणारच आहे. पण तुमच्या पत्रातल्या शेवटच्या दोन ओळी तुम्ही जाता जाता लिहिल्या असल्या तरी मला त्या सगळ्यांत मोठ्या वाटल्या. त्यांच्याकडे मी शेवटी येतो. तोवर पैसे कुठेही भरू नका, विसारसुद्धा देऊ नका.

पहिले त्या पंचवीस हजारवाल्याचं. तो जे देतो आहे तो गावठी कट्टा आहे, मध्य प्रदेशाच्या बाजूनं येणारा. त्याच्यावर पिस्तुलासारखी पॉलिश असेल, कंपनीचं नावही कोरलेलं असेल. आमच्याकडे जप्तीत असे कितीतरी यायचे. नळी बंदुकीच्या पोलादाची नसते, मिळेल त्या पाइपाची किंवा गाडीच्या रॉडची असते. तिला ना उष्णता दिलेली, ना ती दाबाला तपासलेली. अशी नळी पहिल्या गोळीला टिकते, दहाव्या गोळीला फाटते, आणि फाटते तेव्हा चालवणाऱ्याची बोटं घेऊन जाते. शिवाय तुमच्याजवळ परवाना आहे म्हणून कट्टा कायदेशीर होत नाही. विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद अशी आहे, आणि त्या खटल्यात तुमचा चांगला परवानाही जाईल. त्या इसमाला पुन्हा भेटू नका.

आता कायद्यानं तुम्हाला काय घेता येतं ते. साध्या नागरिकाला ९ एमएम, पॉइंट ३८ किंवा पॉइंट ४५ ची हत्यारं मिळत नाहीत, ती प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप. छोट्या शस्त्रात तुमच्यासाठी व्यवहारात दोनच बोअर उरतात, पॉइंट ३२ आणि पॉइंट २२. परदेशातून व्यापारी आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे. म्हणून बाजारात जे नवं मिळतं ते भारतात बनलेलं, आणि जे जुनं विलायती फिरतं ते त्याच्याही आधी आलेलं. मामा म्हणतात ती इंग्लिश रिव्हॉल्व्हरं खरंच सुरेख असतात, लोखंड असं की हातात धरल्यावर सोडवत नाही. पण पुरवठा बंद झाल्यामुळे त्यांच्या किमती लाखांच्या घरात गेल्या आहेत. सुटे भाग मिळत नाहीत, आणि पन्नास-साठ वर्षांत ते कोणाकोणाच्या हातून गेलं याचा पत्ता नसतो. शौकिनानं घ्यावं. तुम्ही घेऊ नका.

उरलं देशी कारखान्यांचं. आपल्याकडे भंडारा, भद्रावती आणि अंबाझरीचे आयुध कारखाने आहेत, त्यामुळे बरेच लोक मला विचारतात की रिव्हॉल्व्हर तिथूनच स्वस्तात काढून देता का. तिथे रिव्हॉल्व्हर बनत नाही. ते बनतं कानपूरला. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातली शस्त्रांची कंपनी म्हणजे ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘ऑर्डनन्सचं रिव्हॉल्व्हर’ हेच नाव आहे.

कानपूरचं जुनं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर हे इंग्लंडच्या वेब्ली कंपनीच्या धर्तीवरचं. सहा गोळ्या, तीन इंची नळी, वजन पाऊण किलोच्या आत. मागची कळ दाबली की नळी बिजागरीवर खाली झुकते आणि सहाही पुंगळ्या एकदम वर येतात. दिसायला साधं, फिनिशिंग कधी खडबडीत, चाप जड. पण चालतं. वर्षभर पेटीत पडून राहिलं आणि काढून चालवलं तरी चालतं. २०१४ मध्ये कानपूरनंच ‘निर्भीक’ काढलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो. निघालं तेव्हाच त्याची किंमत १ लाख २२ हजारांच्या वर होती. ते हलकं आहे, पर्समध्ये मावतं, पण तुमच्या कामाला त्या हलकेपणाचे जादा पैसे मोजायची गरज नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘प्रबळ’ आलं. त्याचं गोळ्यांचं चक्र बाजूला उघडतं, सांगाडा एकसंध आहे, आणि कंपनी पन्नास मीटरपर्यंतचा पल्ला सांगते. पल्ल्याच्या आकड्यावर भाळू नका. अंधारात, घाबरलेल्या माणसाच्या हातून पाच मीटरवरचा नेम चुकतो. एकसंध सांगाडा मात्र टिकाऊपणाच्या दृष्टीनं खरा फायदा आहे, कारण नळी खाली झुकणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये बिजागरी आणि कळ हेच दोन भाग आधी झिजतात. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथंही वेब्ली अँड स्कॉटच्या नावानं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर बनतं. त्याचं काम देखणं आहे, भाव तुमच्या ऐपतीच्या वर जाईल.

पॉइंट २२ चं ‘निडर’ म्हणून एक छोटं रिव्हॉल्व्हर ईशापूरच्या कारखान्यानं काढलं होतं. ते या सगळ्यांत स्वस्त. पण पॉइंट २२ च्या गोळीत पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, त्यामुळे ती न पेटण्याचं प्रमाण पॉइंट ३२ पेक्षा जास्त असतं, आणि जोरही कमी. ते घेऊ नका.

राहिलं विक्रेत्यानं दाखवलेलं पिस्तूल. रिव्हॉल्व्हरपेक्षा ते चपटं असतं, कमरेला दिसत नाही, मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, पटकन बदलता येतं. हे सगळं खरं. पण पिस्तूल रोज हाताळणाऱ्या माणसाचं हत्यार आहे. मॅगझिनची स्प्रिंग थकते, मॅगझिनचे ओठ वाकतात, गोळी तिरपी अडकते, आणि ती अडकली तर वरची स्लाइड ओढून काढायची सवय बोटांना असावी लागते. तुमची बोटं दिवसभर खताची पोती आणि बियाण्याच्या थैल्या उचलणार, तुम्हाला वर्षातून एक-दोनदा सराव मिळाला तरी पुष्कळ. रिव्हॉल्व्हरमध्ये एक गोळी नाही पेटली तर पुन्हा चाप ओढा, पुढची समोर येते. भरलेलं आहे की रिकामं हे उघडताक्षणी दिसतं, आणि लेकरांच्या घरात ही मोठी गोष्ट आहे.

म्हणून माझं उत्तर असं: कानपूरचं नवं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर, जुन्या पद्धतीचं. सर्व कर धरून ‘प्रबळ’ तुमच्या दीड लाखात बसत असेल आणि विक्रेता त्याच्या दुरुस्तीची सोय सांगत असेल, तर ते. कर धरून म्हणतो, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे. जुने भाव सांगणाऱ्यांवर विसंबू नका, लेखी कोटेशन मागा, आणि एकाच विक्रेत्याकडे न जाता नागपूरच्या दोन-तीन परवानाधारक विक्रेत्यांकडून ते घ्या. सगळा दीड लाख रिव्हॉल्व्हरवर घालू नका. भिंतीत बसणारी लोखंडी तिजोरी, साफसफाईचा संच, गोळ्या आणि सरावाचं शुल्क, यांना पैसा लागतो. तिजोरी घ्यायला पैसे उरत नसतील तर रिव्हॉल्व्हर परवडत नाही असं समजा.

दुकानात काय बघायचं ते सांगतो. संकोच करू नका, चांगला विक्रेता स्वतःच दाखवतो. हातात घेतल्यावर पहिले उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा आणि बोटानंही चाचपा. मग उघडं ठेवून नळीच्या तोंडाकडे पांढरा कागद धरा आणि मागून बघा. आतले पीळ कडेपर्यंत स्वच्छ दिसले पाहिजेत, काळे ठिपके किंवा खड्डे नकोत. बंद करा आणि नळी वर-खाली हलवून बघा. कळेपाशी खटखट लागली तर ते बाजूला ठेवा. आता चाप अगदी सावकाश ओढा, घोडा पडेपर्यंत, आणि चाप तसाच मागे धरून चक्र दुसऱ्या हातानं हलवा. ते जागेवर घट्ट बसलेलं असावं. हे सहा वेळा करा, प्रत्येक घरासाठी. एखादंच घर नळीसमोर नीट येत नसेल तर गोळीची कड नळीच्या काठाला घासते आणि शिशाचे तुकडे बाजूला उडतात. चक्र आणि नळीमधली फट सगळीकडे सारखी आणि बारीक हवी. शेवटी सांगाड्यावरचा नंबर, बिलावरचा नंबर आणि परवान्यावर चढणारा नंबर, अंक न अंक जुळवा. नंबरात एका अंकाची चूक झाली की ती सुधारायला कलेक्टर कचेरीत महिने जातात.

कोणाचं वापरलेलं घ्यायचं ठरलं तर आणखी एक गोष्ट. परवानाधारक माणूस दुसऱ्या परवानाधारकाला शस्त्र विकू शकतो, पण त्यानं आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि मग ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. ‘आधी घेऊन जा, कागद मागून करू’ म्हणणाऱ्याला हात जोडा.

गोळ्यांबाबत एक चूक फार होते. आपल्याकडे रिव्हॉल्व्हरची आणि पिस्तुलाची, दोन्ही गोळ्यांना लोक नुसतं ‘बत्तीसची’ म्हणतात. त्या दोन वेगळ्या आहेत. रिव्हॉल्व्हरची गोळी लांब असते आणि तिच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. पिस्तुलाची आखूड, बुड जवळजवळ सपाट. एकीच्या जागी दुसरी घालायची नाही, बसली तरी घालायची नाही. खरेदी करताना डब्यावर रिव्हॉल्व्हर लिहिलेलं वाचा आणि परवान्यावर लिहिलेल्या संख्येच्या आतच घ्या.

टिकाऊपणा निम्मा कारखान्यात ठरतो, निम्मा तुमच्या घरात. आपल्या भागात शस्त्राचे दोन वैरी, जून ते सप्टेंबरची ओल आणि एप्रिल-मेचा ताव. सगळ्यांत जास्त गंजलेली रिव्हॉल्व्हरं मी चामड्याच्या म्यानातच पाहिली. चामडं ओल आणि घामाचं मीठ धरून ठेवतं. म्यान फक्त बाळगताना वापरा, ठेवताना हत्यार बाहेर काढून सुती फडक्यात ठेवा. खोबरेल तेल लावू नका. हिवाळ्यात ते गोठतं, उन्हाळ्यात चिकट होऊन धूळ धरतं, आणि चक्र जड होतं. बंदुकीचं पातळ तेल मिळतं, त्याचे दोन-तीन थेंब पुष्कळ होतात. जादा तेल गोळीत झिरपलं तर तीच पेटत नाही. तुमचं तर बियाणं-औषधाचं दुकान. खतांची वाफ आणि कीटकनाशकं असतात त्या खोलीत हत्यार कधीच ठेवू नका, लोखंड महिन्यात गंजायला लागतं. गोळ्या गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या कपाटात ठेवू नका. पावसात भिजून घरी आलात तर त्याच रात्री पुसायचं, सकाळवर ढकलायचं नाही.

सराव वावरात करायचा नाही. आपल्या काळ्या दगडावर आपटलेली गोळी कुठे जाईल याचा नेम नसतो, आणि परवाना मिळाला म्हणून कुठेही बार काढायची मुभा मिळत नाही. जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनकडे चौकशी करा, नसेल तर नागपूर गाठा. लग्नात, वरातीत, निवडणुकीच्या विजयात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे २०१९ पासून कायद्यातच लिहिलं आहे.

आता डुकरं आणि वाघ. इथे मला तुम्हाला निराश करावं लागतं. पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण सहा ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास. रानडुकराच्या खांद्यावरची कातडी आणि चरबी म्हणजे चिलखत. या गोळीनं ते मरणार नाही, जखमी होईल, आणि जखमी डुक्कर पऱ्हाटीत शिरून उलटून येतं तेव्हा मांडी फाडतं. वाघावर तर विचारही आणू नका. तो दिसतो तेव्हा वेळ गेलेली असते. शिवाय वाघ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि डुकरालाही परवानगीशिवाय मारणं गुन्हाच. शेतीच्या राखणीसाठी कायदा वेगळ्या शस्त्राचा विचार करतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. पण मला विचाराल तर तेही नको. कुंपणाला सौर झटका मशीन लावा. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, वनरक्षकाकडे अर्ज द्या. तारेत घरची वीज सोडणारे आपल्याच शेजारपाजाऱ्यांचा जीव घेतात, ते काही झालं तरी करू नका. नुकसान झालं की पंचनाम्यासाठी लगेच कळवा. वनविभागाचा १९२६ हा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या. आणि जागलीला एकटं जाऊ नका. टिपेश्वर अभयारण्याच्या आजूबाजूच्या गावांत लोक दोघं-तिघं मिळून, बोलत, बॅटरी मारत जातात. तुम्हीही तसंच करा.

रस्त्याबद्दलही खरं सांगतो. वाटमारी करणारे दोन-तीन असतात, रस्त्यात लाकूड आडवं टाकतात किंवा मागून गाडी लावतात. तुमचा एक हात क्लचवर, एक ॲक्सिलेटरवर, अंगात रेनकोट. रिव्हॉल्व्हर निघेपर्यंत काठी डोक्यात बसलेली असते, आणि मग पिशवीबरोबर रिव्हॉल्व्हरही त्यांच्या हाती. तुमचं शस्त्र चोरीला गेलं की ते कुठे वापरलं जाईल याची झोप उडवणारी काळजी उरलेला जन्म तुम्हाला. आणि ते तुमच्या हातात असलं, चोर पिशवी घेऊन पळत असला, तरी पाठीत गोळी घालायची मुभा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. जीव किंवा गंभीर इजेचा धोका समोर उभा असेल तोवरच तो हक्क. धोका पळाला की हक्कही संपला.

म्हणून रोख रस्त्यावरून काढा. दुकानात क्यूआर कोड तर असेलच. उरलेली रोकड दुपारी तीनच्या आत बाजारगावातल्या बँकेत किंवा पैसे भरायच्या मशीनमध्ये जाऊ द्या. मृगाच्या गर्दीत तुम्हाला दुकान सोडता येत नाही हे मला कळतं. त्या दिवसांत बायकोनं किंवा भरवशाच्या माणसानं दिवसाउजेडी भरणा करावा. जी रक्कम राहीलच ती दुकानातल्या तिजोरीत रात्रभर ठेवा. मोकळ्या हातानं घरी जाता हे चार लोकांना दिसू द्या, चहाच्या टपरीवर बोलून दाखवा. पाळत ठेवणारे तिथंच बसलेले असतात. हे केलं तर तुमचा रस्त्यावरचा धोका जेवढा कमी होईल तेवढा कोणत्याही रिव्हॉल्व्हरनं होणार नाही.

परवाना तुमच्या नावाचा, म्हणजे हात फक्त तुमचा. मेहुण्यानं गाडी चालवताना त्याच्या कमरेला लावणं, बायकोनं गावाहून येताना पिशवीत आणणं, दोन्ही नकोच. घरात ते तिजोरीत, रिकामं. गोळ्या दुसऱ्या कुलपात. चावी अंगावर. खुंटीवर नाही, देव्हाऱ्यात नाही, गादीखाली नाही. लेकरं घरातली प्रत्येक लपवलेली वस्तू शोधून काढतात, आपणही काढायचो. त्यांना शस्त्राची बढाई सांगू नका, पण एकदा समोर बसवून सांगा की हे दिसलं तर हात न लावता मोठ्यांना हाक मारायची.

आणि आता बाबा.

नापिकीपासून बोलत नाहीत, ओसरीवर बसून राहतात, जागलीला जात नाहीत. ज्या माणसानं आयुष्यभर रात्र रात्र वावर राखलं तो एका सालात असा बसत नाही. आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्या कोणालाही मी हे समजावून सांगायची गरज पडू नये. तुम्ही रोज बघता म्हणून ते तुमच्या अंगवळणी पडलं असेल, मला मात्र तुमचं पत्र वाचून पहिली धडकी त्याचीच भरली. ज्या घरात एखाद्याचं मन असं खचलेलं आहे त्या घरात आज शस्त्र आणू नका. माणसाच्या मनात वाईट विचार बहुतेकदा थोड्या वेळापुरता येतो. त्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. गोळी पुन्हा विचार करायला वेळ देत नाही. तिजोरी आहे, चावी माझ्याजवळ आहे, असं म्हणाल. ज्यांनी तुम्हाला लहानाचं मोठं केलं त्यांना तुम्ही चावी कुठे ठेवता हे आठ दिवसांत कळतं. हेच दुकानातल्या कीटकनाशकांनाही लागू आहे. घरी एक डबासुद्धा आणून ठेवू नका, गोठ्यातलाही आजच हलवा.

बाबांजवळ बसा. कर्जाचा विषय काढून नव्हे, नुसतं बसा, आणि मग थेट विचारा की जगणं नको असं वाटतं का. विचारल्यानं मनात नसलेलं शिरत नाही. असलेलं बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. आधी तुम्ही फोन करून विचारलं तरी चालतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पाचे समुपदेशकही यवतमाळमध्ये काम करतात. औषधानं आणि बोलण्यानं हे बरं होतं. याच आजारातून उठून पुन्हा पेरणीला उभे राहिलेले कास्तकार मी पाहिले आहेत. गाडी करून घेऊन जा, एसटीत धक्के खात नेऊ नका, आणि बायकोला सगळं सांगा. घरात कोणी ना कोणी त्यांच्याजवळ असायला हवं.

परवान्याची काळजी करू नका, तो पाच वर्षांसाठी आहे. शस्त्र खरेदीची मुदत मंजुरीच्या आदेशात लिहिलेली असते, ती बघा. कमी पडत असेल तर कलेक्टर कचेरीच्या शस्त्र परवाना शाखेत घरातल्या आजारपणाचं कारण लिहून मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत द्या आणि पोच घ्या. पुढे घेतल्यावरही कधी घरात असा प्रसंग आला, तर शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घेता येते. निवडणुकीत करतात तसंच, फक्त यावेळी आपल्या मर्जीनं.

डॉक्टर काय म्हणाले ते मला याच पत्त्यावर कळवा. कोटेशन आलेली असतील तर तीही पाठवा, किमती आणि मॉडेल बघून मी नक्की कोणतं ते नावानिशी सांगतो.